यंत्राच्या पोटात बघायला बंदी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं. त्याचा सूर असा की संगणक चुकत नाही, चुकतो तो वापरणारा माणूस, आणि पुढे असंही की जी मंडळी सॉफ्टवेअर उघडून आत काय चाललंय ते बघत बसतात त्यांना कायद्याचा चांगला धाक हवा, कारण आज बघणारा उद्या चोरी करणारच. लिहिणाऱ्या गृहस्थांबद्दल मला आदर आहे, मनापासून लिहिलंय हे कळतं. पण ते वाचल्यापासून मला चैन नाही. ही दोन मतं एकत्र आली की काय होतं ते जगात घडून गेलंय, कोर्टात सिद्ध झालंय, त्यात माणसं तुरुंगात गेलीत. म्हणून हे जरा लांबलचक पत्र. काटछाट करावी लागली तर करा, पण पोस्टमास्तरांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी व्यवसायानं प्रोग्रॅमर नाही, हिशेबाचं काम करतो. कोडिंग हा नाद आहे, वीस-बावीस वर्षांचा.

आधी ते 'संगणक चुकत नाही' घेऊ. घरी संगणक असेल तर आत्ता करून बघा. ब्राउझर उघडा, एफ१२ चं बटण दाबा, त्यात कन्सोल नावाचा टॅब असतो, तिथे शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन (इंग्रजी आकड्यांत, 0.1+0.2) असं टाइप करून एंटर मारा. उत्तर ०.३ यायला हवं ना? येतं ०.३०००००००००००००००४. पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं माझाच प्रोग्रॅम गंडलाय, अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पण तो बिघाड नव्हताच. संगणक शून्य आणि एक एवढ्या दोनच अंकांत मोजतो, आणि आपल्याला एक भागिले तीन दशांशात लिहायचं झालं की ०.३३३ करत कुठेतरी थांबावं लागतं, तसं त्याला एक दशांश लिहिताना थांबावं लागतं. शेपूट तुटते. एवढ्याशा शेपटीनं कोणाचं काय बिघडतंय, असं वाटेल.

२५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध चालू होतं, सौदी अरेबियातलं धाहरान. शत्रूची क्षेपणास्त्रं हवेत पाडणाऱ्या तिथल्या अमेरिकन पॅट्रियट यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि हीच शेपूट तुटायची, चोवीस बिटांवर, म्हणजे चोवीस शून्य-एकांवर. यंत्रणा सलग शंभर तासांच्या आसपास चालू होती, चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेली, आणि इराकचं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेनं आकाशात भलत्याच जागी बघितलं, तिथे काही दिसलं नाही, स्कड अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी. आता यात वापरणाऱ्या सैनिकाची चूक कोणती सांगा. त्यानं यंत्र चालू ठेवलं एवढीच.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन होतं, १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात त्यानं सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, त्यातले काही त्यातच गेले. पेशंटला टेबलावर भाजतंय, आणि स्क्रीनवर फक्त 'मालफंक्शन ५४' एवढं येतं, त्याचा अर्थ ऑपरेटरला कोणी सांगितलेला नाही, असे बारीकसारीक एरर दिवसातून कितीदा तरी यायचे म्हणून ती सवयीनं पुढे जायचं बटण दाबते आणि दुसरा डोस जातो. कंपनीचं म्हणणं काय, तर जास्त डोस जाणं शक्यच नाही. शेवटी एका हॉस्पिटलमधला फिजिसिस्ट आणि ती ऑपरेटर असे दोघं मशीनसमोर बसले आणि त्या दिवशी नेमकं काय काय दाबलं होतं ते आठवून आठवून परत परत करत राहिले. तेव्हा सापडलं. तिनं इलेक्ट्रॉनच्या जागी चुकून एक्स-रेचं अक्षर टाकलं होतं, मग वरच्या बाणानं मागे जाऊन पटकन दुरुस्त केलं होतं, आणि हे सगळं आठ सेकंदांच्या आत झालं की सॉफ्टवेअरच्या एका भागाला दुरुस्ती कळायची आणि दुसऱ्याला कळायचीच नाही. हाताला सवय असलेली, भराभर टाइप करणारी चांगली ऑपरेटर असली तरच हे व्हायचं. नवशिक्यानं केलं असतं तर मशीन व्यवस्थित चाललं असतं! आणि हीच चूक आधीच्या थेरॅक-२० मॉडेलमध्येही होती, पण त्यात वेगळे हार्डवेअरचे अडसर होते, फ्यूज उडायचा आणि पेशंट वाचायचा. नव्या मॉडेलमध्ये ते अडसर काढून टाकले, भरवसा सॉफ्टवेअरवर.

ती दोघं 'कंपनी म्हणते ना, मग असेल' म्हणून गप्प बसली असती तर आणखी किती पेशंट भाजले असते कोण जाणे.

आता पोस्टमास्तर. ब्रिटनमध्ये छोट्या शाखा चालवणारे जे सब-पोस्टमास्तर असतात ते पोस्टाचे पगारी नोकर नसतात, कंत्राटावर काम करतात, आणि हिशेबात तूट आली तर ती खिशातून भरायची अशी अट त्यांच्या डोक्यावर असायची. १९९९ पासून तिथल्या पोस्टानं होरायझन नावाची संगणक यंत्रणा आणली, फुजित्सू कंपनीची. आणि शाखाशाखांतून तूट यायला लागली. एक दोष असा होता की स्क्रीन गोठायची, पोस्टमास्तर एंटर दाबून बघायचा, परत दाबायचा, आणि दर दाबण्याला तीच रक्कम पुन्हा नोंदली जायची. मी स्वतः हिशेबात आयुष्य घालवलंय, संध्याकाळी रोकड आणि वही जुळत नाही तेव्हा पोटात काय होतं ते मला माहितीये, तीनतीनदा मोजायचं, मग वाटतं आपणच कुठेतरी घोळ केला. या लोकांनी हेल्पलाइनला फोन केले तर कित्येकांना सांगितलं गेलं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. दागिने गहाण टाकून, घर विकून तूट भरली. नऊशेहून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांवर शिक्षा झाल्या, काही आत्महत्या झाल्या. एका गरोदर बाईला २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं, तिच्या मोठ्या मुलाचा त्या दिवशी दहावा वाढदिवस होता.

हे झालं कसं याच्यात कायद्याचा मोठा हात आहे आणि तो लोकांना माहीत नसतो. १९८४ च्या तिथल्या कायद्यात कलम ६९ होतं, की संगणकातला कागद पुरावा म्हणून आणायचा असेल तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. ते कलम कटकटीचं वाटलं, १९९९ च्या कायद्यानं ते काढून टाकलं, आणि मग कोर्टात उलटं गृहीत धरलं जायला लागलं की संगणक नीटच चालत होता, नसेल तर तुम्ही सिद्ध करा. आता एका गावातल्या पोस्टमास्तरानं हे सिद्ध करायचं कुठून? कोड, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या सूचना, त्याच्याकडे नाही, लॉग, म्हणजे यंत्रणेनं ठेवलेल्या नोंदी, त्याच्याकडे नाहीत, दोषांची यादी कंपनीकडे आहे आणि कंपनी ती दाखवत नाही. पोस्ट वर्षानुवर्षं म्हणत राहिलं की शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणाला हात घालताच येत नाही. येत होता. फुजित्सूचे लोक दूरवरून नोंदी बदलू शकत होते. ५५५ पोस्टमास्तर मिळून हायकोर्टात गेले तेव्हा कुठे २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्तींनी लिहून दिलं की यंत्रणेत दोष होते आणि त्यामुळे हिशेबात फरक पडत होते. सरसकट निर्दोष ठरवणारा कायदा यायला २०२४ उजाडलं. वीस वर्षं गेली ना लोकांची! आणि त्यातले कित्येक निकाल ऐकायला जिवंतही राहिले नाहीत. मला विचाराल तर कलम ६९ थोडं सुधारून ठेवायला हवं होतं, काढायला नको होतं.

त्या पत्रातलं 'संगणक चुकत नाही' हे वाक्य मला एवढं का लागलं ते आता कळलं असेल. तेच वाक्य एका देशाच्या पुराव्याच्या कायद्यात जाऊन बसलं होतं.

पत्रात दुसरं होतं ते धाकाचं. अहो धाक आहेच. अमेरिकेत १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट आहे, त्याचं कलम १२०१ असं आहे की डिजिटल कुलूप फोडणं हेच बेकायदेशीर, तुम्ही आत जाऊन काहीही कॉपी केलं नसेल तरी. गाणी आणि सिनेमे वाचवायला म्हणून आणलेला कायदा, पण आता कुलूपबंद सॉफ्टवेअर ट्रॅक्टरमध्ये, गाडीत, प्रिंटरमध्ये, हृदयातल्या पेसमेकरमध्ये सगळीकडे असतं त्यामुळे हा कायदा सगळीकडे पोचला. तशाच धर्तीची कलमं पुढे बऱ्याच देशांनी घेतली. दर तीन वर्षांनी तिथे सवलतींची यादी ठरते, कोणाला काय उघडायला परवानगी, म्हणजे संशोधकानं दर तीन वर्षांनी हात जोडून उभं राहायचं. २००० साली संगीत कंपन्यांच्या गटानं स्वतःच आव्हान दिलं होतं की गाण्यात दडवलेल्या खुणेची आमची पद्धत मोडून दाखवा, प्रिन्स्टनच्या प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांच्या टीमनं मोडून दाखवली, आणि ते परिषदेत त्यावरचा शोधनिबंध, म्हणजे पेपर, वाचायला निघाले तर त्यांना वकिली भाषेतलं पत्र आलं. त्यांनी त्या परिषदेतून पेपर मागे घेतला, मग कोर्टात गेले, आणि शेवटी काही महिन्यांनी दुसरीकडे वाचला. आव्हान देणारे तुम्हीच ना!

फोक्सवॅगनचं प्रकरण तर सगळ्यांनी ऐकलेलं आहे पण त्यातला एक धागा राहून जातो. २०१५ च्या जुलैमध्ये गाड्यांचं सॉफ्टवेअर मालकांना आणि संशोधकांना उघडून बघू द्यावं का यावर अमेरिकेत विचार चालू होता, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं लेखी कळवलं की नको, लोक सॉफ्टवेअरशी खेळतील आणि प्रदूषण वाढेल. त्यांची भीती खोटी नव्हती. पण १८ सप्टेंबरला त्याच खात्यानं फोक्सवॅगनला नोटीस काढली, कारण कंपनीनंच सॉफ्टवेअरमध्ये लबाडी केली होती. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे का रस्त्यावर आहे हे सॉफ्टवेअर स्टिअरिंगच्या हालचालीवरून वगैरे ओळखायचं, चाचणीत धूर साफ, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्या. पकडलं कोणी, तर वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या छोट्या टीमनं, गाडीच्या डिकीत उपकरणं टाकून रस्त्यावर हिंडून. त्यांनी सॉफ्टवेअर बघितलं नव्हतं, नळीतून येणारा धूर मोजला होता. नंतर संशोधकांनी कोड उघडला तेव्हा दिसलं की त्या लबाडीच्या भागाला आतमध्ये नाव दिलं होतं 'अकूस्टिक', म्हणजे आवाजाशी संबंधित काहीतरी. ते आधी उघडता आलं असतं तर?

एक घरचं सांगतो, लहानसंच आहे. माझी आई श्रवणयंत्र वापरते, रेडिओ तिचा जीव की प्राण. मध्यंतरी यंत्राचं अपडेट झालं आणि ती म्हणायला लागली की बासरी थरथरते, दोन बासऱ्या वाजल्यासारखं होतं. घरात सगळे म्हणाले वय झालं, कान गेले असतील आणखी. मी एका रविवारी तिच्यासमोर बसलो, फोनवरच्या ॲपमधून एकच सलग सूर लावला, साधारण एक हजार हर्ट्झचा, आणि तिला विचारलं काय ऐकू येतं, तर म्हणाली हलतोय. बोललेलं मात्र तिला नीट ऐकू येत होतं. मग मी वाचायला लागलो. श्रवणयंत्रात शिट्टी वाजू नये म्हणून एक फीडबॅक दाबणारी प्रणाली असते, ती सलग सूर शोधते आणि शिट्टी समजून त्याच्या उलट लहर सोडते. आणि बासरी म्हणजे सलग सूरच की हो! यंत्राला बासरी आणि शिट्टी यातला फरक कळत नव्हता. मी कंपनीला लिहिलं की अपडेटमध्ये या भागात काय बदललंय ते सांगा, मागचं व्हर्जन परत टाकता येईल का. उत्तर आलं की हे व्यावसायिक गुपित आहे आणि यंत्र ठरवलेल्या मानकांनुसार चालतंय. पाच आठवडे गेले. शेवटी तिच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, त्यात तो फीडबॅकचा भाग मंद केला, आणि बासरी सरळ झाली. पण त्या पाच आठवड्यांत आईनं रेडिओ बंद ठेवला होता, तिला वाटत होतं आपल्याच डोक्यात बिघाड आहे. यंत्र तिच्या कानात, आणि आत काय बदललं हे विचारायचा हक्क तिला नाही. मला हे पटत नाही, पटणारही नाही.

अमेरिकेत कॅरन सँडलर नावाच्या वकील आहेत, मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत काम करतात, त्यांच्या छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके बिघडले तर हृदयाला शॉक देणारं यंत्र, बसवलेला आहे. त्यांनी कंपनीकडे त्याचा सोर्स कोड बघायला मागितला, मिळाला नाही. गरोदरपणात हृदयाचे ठोके वाढणं स्वाभाविक असतं, त्यांच्या यंत्राला ते धोक्याचं वाटलं आणि त्यानं विनाकारण शॉक दिले. स्वतःच्या हृदयावर चालणारा प्रोग्रॅम वाचायला परवानगी नाही, यावर मला आणखी काही लिहवत नाही.

आता आक्षेप काय येतो तर कोड उघडा ठेवला की चोरांची सोय होते. हा आक्षेप मी गांभीर्यानं घेतो कारण मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण १८८३ मध्येच ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी चालली पाहिजे, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. अमेरिकन सरकारनं १९९३ मध्ये याच्या उलट करून बघितलं. फोनवरचं बोलणं सांकेतिक करणारी क्लिपर चिप आणली, आतला अल्गोरिदम, म्हणजे सांकेतिक करायची पद्धत, गुप्त, आणि सरकारकडे एक जादा किल्ली. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकानं दाखवून दिलं की ज्या भागामुळे सरकारला किल्ली वापरता येणार त्याची पडताळणी अवघी सोळा बिटांची आहे, थोडे प्रयत्न केले की ती चकवता येते. दोनेक वर्षांत सगळी योजना गुंडाळली. त्याउलट १९९७ मध्ये त्याच देशाच्या मानक संस्थेनं नवीन सांकेतिक पद्धतीसाठी जगाला आमंत्रण दिलं, पंधरा प्रस्ताव स्पर्धेत घेतले, सगळे उघड्यावर मांडले आणि सांगितलं फोडा. दोनेक वर्षं जगातले गणिती एकमेकांचे प्रस्ताव फोडायचा प्रयत्न करत होते, त्यातून बेल्जियमच्या दोघांची पद्धत निवडली, तीच आज एईएस. तुम्ही बँकेचं ॲप उघडता तेव्हा बहुतेक वेळा तीच चालू असते. तिचा प्रत्येक ओळ-न्-ओळ तपशील कोणालाही वाचता येतो आणि पंचवीस वर्षांत तिला कोणी व्यवहारात मोडलेलं नाही.

जादा किल्लीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो, कारण दर दोनचार वर्षांनी कुठल्यातरी देशात कोणीतरी मंत्री म्हणतो की एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करणं, ठेवा पण पोलिसांसाठी एक मागचं दार ठेवा. ग्रीसमध्ये २००४-०५ ला काय झालं ते बघा. मोबाइल एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय बसवलेली होती, कोणीतरी आत शिरून तीच सोय वापरली आणि पंतप्रधानांसकट शंभरावर लोकांचे फोन महिनोन्महिने ऐकले. दार पोलिसांसाठी होतं.

आणि उघडा कोड म्हणजे आपोआप सुरक्षित असं मी म्हणत नाहीये हं, ते खोटं ठरेल. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा सुरक्षेतला मोठा दोष सापडला, तो उघड्या कोडमध्येच दोन वर्षं पडून होता, कोणी बघितलंच नव्हतं. २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेडचं प्रकरण तर माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं. फाइली आकुंचित करणारी छोटीशी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, एकच दमलेला माणूस फुकट सांभाळत होता, त्याच्याशी दोनेक वर्षं गोड बोलून, कामं करून देऊन कोणीतरी विश्वास मिळवला आणि आत चोरदार टाकलं, तेही मुख्य कोडमध्ये समोर नाही, चाचणीच्या फाइलींत दडवून. पकडलं अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरनं. तो डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होता आणि त्याला दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर चहा पीत बसला असता, हा खणत गेला. पण खणता आलं कारण खणायला बंदी नव्हती. बंद सॉफ्टवेअर असतं तर त्यानं कंपनीला एक मेल टाकली असती आणि वाट बघितली असती.

विज्ञानाचं थोडक्यात सांगतो. २०१० मध्ये दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा पेपर आला की देशाचं कर्ज जीडीपीच्या नव्वद टक्क्यांवर गेलं की वाढ उणे होते, उणे ०.१ टक्का. त्यावर सरकारांनी काटकसरीची भाषणं केली. नंतर थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं गृहपाठ म्हणून ते आकडे परत काढायला घेतले, जुळेनात, मग लेखकांकडे एक्सेलची फाइल मागितली, त्यांनी ती दिली हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे, आणि बघतो तर सरासरीच्या सूत्रात पाच देश निवडायचे राहिलेत. भारांकनाचे आणि वगळलेल्या आकड्यांचे आक्षेप वेगळेच. सगळं दुरुस्त करून आकडा आला अधिक २.२. तसंच जनुकांचं, मार्च१ नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाकलं की ते एक मार्च तारीख करून टाकतं, आणि इतक्या संशोधनांच्या याद्या यात बिघडल्या की शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलून घेतली. जनतेच्या पैशानं केलेल्या संशोधनाची फाइल आणि कोड पेपरबरोबर मिळालाच पाहिजे, याला माझ्या मते दुसरी बाजूच नाही.

एआयनं हे सगळं आणखी अवघड केलंय. तिथे कोड दिला तरी त्यात वाचण्यासारखं फारसं काही नसतं, अब्जावधी आकडे असतात फक्त. म्हणून तिथे बाहेरून चाचण्या घ्यायचा हक्क हवा, हजारो प्रश्न टाकून उत्तरं तपासायचा, आणि आज कित्येक सेवांच्या अटींतच त्यावर बंधनं असतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयात २०१६ मध्ये लूमिस खटला झाला. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती हे एका सॉफ्टवेअरनं काढून दिलं होतं, शिक्षा ठरवताना न्यायाधीशानं ते बघितलं, आणि ते गुण कसे काढले हे आरोपीला दाखवायला कंपनी तयार नाही कारण व्यावसायिक गुपित. कोर्टानं काही सावधगिरीच्या सूचना जोडल्या पण वापर चालू ठेवला. तुमच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसाची उलटतपासणी घेता येते, आणि सॉफ्टवेअरची नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? उलट न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या श्वासाची तपासणी करणाऱ्या मशीनबद्दल वाद झाला तेव्हा कोर्टानं सोर्स कोड तज्ज्ञांकडून तपासून घेतला, २००८ च्या निकालात मशीन एकंदर ठीक म्हणून मान्य केलं आणि सापडलेल्या काही चुका दुरुस्त करायला लावल्या. आकाश कोसळलं नाही, कंपनी बुडाली नाही, दारूडेही सगळे सुटले नाहीत.

तर माझं मागणं फार मोठं नाहीये. ज्या सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून माणसाला शिक्षा होणार, पेन्शन थांबणार, औषधाचा डोस ठरणार, त्याचा कोड आणि त्याच्या माहीत असलेल्या दोषांची यादी त्या माणसाच्या बाजूच्या तज्ज्ञाला मिळाली पाहिजे, गुप्ततेची अट घालून का होईना. विकत घेतलेली वस्तू उघडून तपासणं, दुरुस्त करणं, दोष सापडला तर आधी कंपनीला कळवून मग जाहीर करणं हा कुठेही गुन्हा नसावा. चोरी केली तर चोरीची शिक्षा करा ना, तिला वेगळे कायदे आहेतच. आणि कोर्टात संगणकाचा कागद आला की तो बरोबरच आहे असं आधीच धरून चालू नये, कागद आणणाऱ्यानं दाखवावं.

शेवटी संपादक साहेब, एक विनंती तुम्हालाच. तुमच्याही पानांवर बऱ्याचदा बातमी येते की 'तांत्रिक बिघाडामुळे' यादीतून नावं गळली, 'सर्व्हर डाऊन' असल्यामुळे निकाल चुकीचे लागले, आणि बातमी तिथेच संपते. तुमच्या बातमीदारांना सांगा की पुढचे दोन प्रश्न विचारून यायचं, बिघाड नेमका कुठल्या भागात होता आणि तो बाहेरच्या कोणी तपासला का. उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर दिलं नाही' असं छापा. आणि त्या आधीच्या पत्राच्या लेखकांना माझा नमस्कार कळवा, त्यांनी ते ०.१ अधिक ०.२ करून बघितलं का तेही मला जाणून घ्यायला आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक